दिल्लीत सहा आठवडे, तेही मे-जूनमध्ये! सल्ला हवाय

उनाडपाखरू

नमस्कार मंडळी. मी टीवायला आहे, विषय राज्यशास्त्र, गाव सांगली. दिल्लीतल्या एका संस्थेत सहा आठवड्यांची इंटर्नशिप मिळाली आहे, १८ मेपासून जूनअखेरपर्यंत. वर्गातल्या दोन मैत्रिणीही बरोबर आहेत. ऑफिस मंडी हाऊसजवळ, सोमवार ते शुक्रवार, दहा ते साडेपाच. शनिवार-रविवार आमचे. शेवटच्या आठवड्यात कॉलेजातले दोन मित्र येणार आहेत आणि परत आम्ही पाचही जण एकत्र येऊ.

आईने विचारलं, "मे महिन्यात कोण जातं गं दिल्लीला?" बाबा काही बोलले नाहीत, म्हणजे त्यांचंही तेच म्हणणं आहे.

आता प्रश्न. तीन मुलींनी राहायचं कुठे? सहा शनिवार-रविवारांत काय बघायचं? ("टॉप टेन" यादी नको, ती कुठेही मिळते. तिथे राहिलेल्या माणसांनी सांगितलेलं हवंय.) उन्हाचं काय करायचं? आणि आग्रा की पानिपत? दोन्हींसाठी सुट्टीही नाही आणि पैसेही नाहीत. स्टायपेंडचा आकडा सांगत नाही, तुम्ही हसाल.

राजेंद्रनगरवासी

अभिनंदन. मी तीन वर्षं इथे आहे, कशासाठी ते आयडीवरून कळलंच असेल. राहण्याबद्दल सांगतो, बाकीचं जाणकार सांगतील.

आपली बरीच मराठी पोरं जुन्या राजेंद्र नगरात, करोल बागेत नाहीतर मुखर्जी नगरात राहतात. ओळखीचं कोणी असतं म्हणून पालकही तिकडेच ढकलतात. तुम्ही नका येऊ. खोल्या म्हणजे काड्यापेट्या, भाडं अवाच्या सवा, आणि सगळा बाजार आमच्या यूपीएससीच्या परीक्षेवर चालतो. तुमचं ऑफिस मंडी हाऊसला आहे ना? मग मेट्रोची व्हायोलेट लाइन बघा. लाजपत नगरला मुलींचे भरपूर पीजी आहेत. तिथून जंगपुरा, नेहरू स्टेडियम, खान मार्केट, सेंट्रल सेक्रेटरिएट, जनपथ, मंडी हाऊस असा थेट प्रवास, गाडी बदलायची भानगड नाही. दुसरा पर्याय कमला नगर, विजय नगर, म्हणजे विद्यापीठाचा नॉर्थ कॅम्पस. परीक्षा संपल्या की तिथली मुलं गावी जातात आणि खोल्या महिन्या-दोन महिन्यांसाठी मिळतात. पण गाडी बदलावी लागेल.

खोली बघताना भाड्याआधी विजेचं विचारा. एसीचा सबमीटर वेगळा असतो आणि युनिटचा दर मालक ठरवतो. तो दर आणि पहिल्या दिवसाचं रीडिंग, दोन्हींचे फोटो काढून ठेवा. तळघरातली खोली फुकट मिळाली तरी घेऊ नका. जुलै २०२४ मध्ये आमच्याच भागात तळघरातल्या अभ्यासिकेत पावसाचं पाणी शिरून तीन विद्यार्थी गेले.

वऱ्हाडी_ठेचा

उन्हाचं सांगलीकरांना काय सांगणार! आम्ही अकोल्याचे, पंचेचाळीस झालं की स्वेटर काढतो. :)

गंमत सोडा. दिल्लीचं ऊन आपल्यासारखंच, कोरडं. त्रास रात्रीचा. वरच्या मजल्यावरची खोली (तिथे बरसाती म्हणतात) स्वस्त मिळते, पण दिवसभर तापलेला स्लॅब रात्री दोनपर्यंत अंगावर उष्णता ओतत राहतो. मधला मजला घ्या. एसी परवडत नसेल तर कूलर. हवा कोरडी असते तोवर पाणी भराभर उडतं म्हणून कूलर गार करतो, पण खिडकी उघडी हवी, बंद खोलीत लावला तर अंघोळ केल्यासारखं होतं. जूनच्या शेवटी हवा दमट झाली की त्याचा नुसता पंखा होतो. तेव्हा घरी यायची वेळ झालेलीच असेल.

दुपारी बारा ते चार उघड्यावर जायचं नाही. सुती ओढणी, टोपी, ओआरएसची पाकिटं. उपाशीपोटी बाहेर पडू नका. डोकं दुखायला लागलं आणि घाम यायचा थांबला तर "थोडं बसते, बरं वाटेल" करत बसायचं नाही, सरळ दवाखाना.

सरोजिनी_ते_सदाशिव

बाळा, मी बावीस वर्षं सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये काढली, मग निवृत्तीनंतर पुण्याला आले. त्यामुळे जरा लांबलचक लिहिणार आहे, चहा घेऊन बस.

दिल्लीच्या उन्हाळ्यात एका दिवसाचे दोन दिवस करायचे. जूनमध्ये साडेपाचच्या आत उजाडतं आणि सव्वासात वाजून गेले तरी दिवस असतो. हुमायूनची कबर, कुतुब ही ठिकाणं सकाळी लवकर उघडतात. सहाला दारात उभं राहायचं, नऊपर्यंत बघून घ्यायचं, नाश्ता करून खोलीवर झोपायचं किंवा एखाद्या वातानुकूलित संग्रहालयात शिरायचं. पाचनंतर पुन्हा बाहेर. दिवसभर एकामागून एक सहा ठिकाणं करणारी मंडळी मी दरवर्षी पाहायचे, आमच्याच घरी पाहुणी असायची. तिसऱ्या ठिकाणी भांडायला लागायची.

दुसरं, एका दिवशी एकच भाग. निजामुद्दीन घे. सकाळी हुमायूनची कबर. ताजमहालाच्या आधीची, १५७०च्या सुमाराची, आणि ती त्याच्या बेगमने बांधवून घेतली. ताज बघायच्या आधी ही बघितली तर ताज जास्त कळतो. शेजारीच सुंदर नर्सरी, झाडाखाली डबा खायला उत्तम. दुपारी पळ काढायचा. संध्याकाळी निजामुद्दीनच्या वस्तीत दर्ग्याला. अमीर खुसरोची कबर तिथेच, गालिबची मजार दोन पावलांवर. गुरुवारी संध्याकाळी कव्वाली असते, ऑफिस सुटल्यावर जाऊ शकाल. डोक्यावर ओढणी, पर्स पोटाशी. गल्लीत गर्दी फार असते.

मेहरौलीचाही असाच एक दिवस. कुतुबमिनार (साडेबाहत्तर मीटर, मान दुखते) सगळेच बघतात. त्याच्या पाठीमागचं पुरातत्त्व उद्यान फारसं कोणी बघत नाही. जमाली-कमालीची मशीद, बल्बनची कबर, राजोंकी बावली, सगळं झाडीत विखुरलेलं आणि तिकीट नाही. पण तिघींनी एकत्र आणि उजेडात जा. कुतुबमिनार नावाच्या मेट्रो स्टेशनवरून मिनार चालत बराच लांब आहे, रिक्षा करा.

ऑफिस मंडी हाऊसला म्हणजे तर तुमची चंगळ आहे. राष्ट्रीय नाट्य विद्यालय, कमानी, श्रीराम सेंटर, त्रिवेणी कला संगम, सगळं चालत. नाट्य विद्यालयाच्या रंगमंडळाचा उन्हाळी नाट्योत्सव साधारण मे-जूनमध्ये असतो, फलकावर लक्ष ठेव. हेली रोडवरची अग्रसेनची बावली ऑफिस सुटल्यावर पंधरा-वीस मिनिटांची चाल. जुनं महाराष्ट्र सदनही त्याच बाजूला, कोपर्निकस मार्गावर. घरच्या जेवणाची फार आठवण आली तर चौकशी कर. आणि वरणभाताचा हट्ट नसेल तर आंध्र भवनाची थाळी.

सोमवारी लाल किल्ला बंद, बहुतेक संग्रहालयं बंद, लोटस टेंपलही बंद. तुम्हाला फरक पडणार नाही, पण शेवटच्या आठवड्यात येणाऱ्या मुलांना सांगून ठेव. चांदनी चौकातली दुकानं रविवारी बंद असतात. खरेदी नसेल तर रविवार सकाळच बरी, रस्ता दिसतो तरी. रविवारीच जुन्या पुस्तकांचा बाजार. आमच्या वेळी दर्यागंजच्या फुटपाथवर भरायचा, २०१९ मध्ये महिला हाटात हलवला. दिल्ली गेट स्टेशनला उतरायचं.

आणि फालसे खा. जांभळट आंबटगोड बारीक फळं, हातगाडीवर मीठ लावून देतात. आपल्याकडे सहसा दिसत नाहीत. मे-जूनमध्ये जेमतेम काही आठवडे असतात.

उनाडपाखरू

मावशी, हा प्रतिसाद मी प्रिंट काढून आईला दिला. ती म्हणाली, "बरं, जा."

दादा, लाजपत नगरचं बघतेय. अजून एक विचारायचं होतं, रात्री उशिरा फिरणं कितपत ठीक? इथे सगळे घाबरवतायत.

मेट्रोची_पहिली_डबी

मी दोन वर्षांपूर्वी तिथे इंटर्नशिप केली, त्यामुळे सांगायचा हक्क आहे. मेट्रोचा पुढचा डबा बायकांचा, फलाटावर गुलाबी खुणा असतात. रात्री अकराच्या आसपास शेवटची गाडी, पण तोपर्यंत थांबू नका, साडेनऊ-दहाला परत. स्टेशनपासून पीजीपर्यंतचा तुकडा खरा त्रासाचा, म्हणून पीजी बघतानाच तो रस्ता रात्री चालून बघा. दिवे आहेत का, दुकानं उघडी असतात का. भाड्यात हजार रुपये वाचवून अंधारा रस्ता घेतलात तर ते हजार रिक्षात जातात. ११२ नंबर फोनमध्ये वर ठेवा.

मेट्रो कार्ड पहिल्या दिवशी काढा. भाड्यात सूट मिळते आणि रांगही वाचते.

लोक आवाज चढवून बोलतात, प्रत्येक वेळी ते भांडण नसतं. आपलं "मेरेको-तेरेको" ऐकून रिक्षावाला लगेच ओळखतो की पाहुणे आहेत आणि आकडा दुप्पट करतो. मी पहिल्या आठवड्यातच "भैया, मीटर से चलोगे?" एवढं वाक्य घोटून ठेवलं होतं. मीटरने कोणी नेलं नाही, पण भाव उतरायचा.

बखरबहाद्दर

आग्रा की पानिपत हा प्रश्न मराठी मुलीने विचारावा!

पानिपत ९० किलोमीटरवर आहे, सकाळच्या गाडीने दोन तासांच्या आत. पण आधी सांगून ठेवतो, तिथे "बघायला" थोडंच आहे. काला अंबला एक स्तंभ, बाग, शहरात इब्राहिम लोदीची कबर. १४ जानेवारी १७६१ डोक्यात असेल तरच पाय जड होतात, नसेल तर बाकड्यावर बसून सरबत पिऊन परत याल. मैत्रिणींना ओढून नेणार असशील तर आदल्या रात्री तासभर गोष्ट सांग.

मराठ्यांची दिल्ली मात्र दिल्लीतच आहे आणि तिकडे कोणी फिरकत नाही. तालकटोरा म्हटलं की सगळ्यांना स्टेडियम आठवतं. १७३७ मध्ये पहिल्या बाजीरावाची मोगल फौजेशी चकमक त्याच परिसरात झाली. लाल किल्ल्यात दिवाण-ए-खासचं छत बघ. त्याला चांदी मढवलेली होती, ती १७६० मध्ये सदाशिवरावभाऊंनी फौजेच्या खर्चासाठी उतरवून वितळवली. पैसा संपला होता, पुढे पानिपत. १० वर्षांनी महादजींनी दिल्ली घेतली आणि जानेवारी १७७२ मध्ये शाहआलमला आणून गादीवर बसवलं. मग ११ सप्टेंबर १८०३ ला यमुनेपलीकडे पटपडगंजला इंग्रजांनी शिंद्यांच्या फौजेला हरवलं. आज तिथे नुसत्या सोसायट्या. त्या छताखाली उभं राहून एवढं आठवलंस तरी पुष्कळ.

राजेंद्रनगरवासी

काका, भाऊंनी चांदी उतरवली हे एवढ्या अभिमानाने सांगू नका, बाजूला दिल्लीकर उभे असतात. :)

बखरबहाद्दर

अभिमान कुठला, हिशेब सांगतोय. घेतली ती आम्हीच.

मेट्रोची_पहिली_डबी

मी आग्र्याच्या बाजूने. जूनमध्ये संगमरवर पायाला भाजतो, मान्य, पण वीस-एकविसाव्या वर्षी मैत्रिणींबरोबर ताज बघणं आणि पुढे कधीतरी सासरच्यांबरोबर बघणं यात फरक आहे.

सहाचा_गजर

भांडू नका, दोन्ही जमतं. सांगलीची आहेस म्हणजे गोवा एक्सप्रेसने ये-जा करणार ना? ती निजामुद्दीनहून दुपारी सुटते आणि आग्रा कॅन्टला थांबते. परतीचं तिकीट काढतानाच बोर्डिंग आग्रा कॅन्ट टाका. त्या दिवशी नवी दिल्लीहून सकाळी सहाची भोपाळ शताब्दी धरा, आठच्या आत आग्रा, सामान क्लोक रूममध्ये, ताज बघा, दुपार कुठेतरी सावलीत काढा, संध्याकाळी तिथूनच सांगलीची गाडी. वेगळी सुट्टी लागत नाही. ताज शुक्रवारी बंद असतो, तेवढा वार टाळा. आरक्षण ६० दिवस आधी उघडतं, पाच जणांचं तिकीट पहिल्याच दिवशी सकाळी आठला काढा, उन्हाळ्यात नंतर वेटिंगच मिळेल.

पानिपतला एखाद्या रविवारी सकाळी.

उनाडपाखरू

हे डोक्यातच आलं नव्हतं! दंडवत.

राजेंद्रनगरवासी

राज्यशास्त्रवाली आहेस म्हणून एवढंच. संसदेचं अधिवेशन उन्हाळ्यात नसतं, गॅलरीच्या पासामागे धावू नकोस. राष्ट्रपती भवन ऑनलाइन नोंदणी करून बघता येतं, ५० रुपये. अमृत उद्यान मात्र तेव्हा बंद. तीन मूर्तीचं प्रधानमंत्री संग्रहालय दुपारसाठी चांगलं, तीन तास आरामात जातात आणि एसी कडक आहे. आणि २६, अलीपूर रोड चुकवू नकोस. ६ डिसेंबर १९५६ ला बाबासाहेब गेले ते ठिकाण, आता तिथे उघडलेल्या पुस्तकाच्या आकाराचं स्मारक आहे. सिव्हिल लाइन्स स्टेशन.

उनाडपाखरू

(जुलै)

मंडळी, परत आले. रंग दोन छटा उतरलाय. धागा वर काढतेय, कारण तुम्ही एवढं लिहिलंत आणि मी गायब झाले होते.

लाजपत नगर घेतलं, मधला मजला, रस्ता रात्री चालून बघितला. विजेच्या दराचा फोटोही काढला. रीडिंगचा मात्र राहिला. शेवटी मालकांनी जो आकडा सांगितला त्यात आम्ही बहुधा शेजारच्या खोलीचाही एसी चालवला. तासभर वाद घालून अर्ध्यावर आणलं. दादा, तुम्ही "दोन्हींचे" लिहिलं होतंत, माझं चुकलं.

पहिला शनिवार आम्ही हट्टाने आपल्या पद्धतीने काढला. अकराला निघालो, इंडिया गेट. बारा वाजता त्या मोकळ्या मैदानात सावलीचा तुकडा शोधत आम्ही तिघी एका आइस्क्रीमच्या गाडीच्या छत्रीखाली उभ्या. पुढच्या शनिवारपासून पाचचा गजर. हुमायूनच्या कबरीत सव्वासहाला आम्ही, दोन माळी आणि पोपट. मावशी, तो एक तास सगळ्यांत भारी होता. माझी मैत्रीण तिथे ओट्यावर चक्क झोपली.

राष्ट्रीय संग्रहालयात मोहेंजोदडोची नर्तकी शोधत दोनदा तिच्यासमोरून गेलो. पुस्तकात पानभर फोटो असतो, त्यामुळे मी हातभर उंच मूर्ती शोधत होते. ती साडेदहा सेंटिमीटर! माझ्या बॉलपेनपेक्षा बुटकी. सापडल्यावर मात्र कंबरेवरचा हात बघत बराच वेळ उभ्या राहिलो.

मेहरौलीला वादळ आलं. पाच मिनिटांत आभाळ मातकट, डोळ्यांत, दातांत, सगळीकडे धूळ. जमाली-कमालीच्या कमानीखाली पळालो. तिथे आधीच एक कुटुंब होतं, त्यांनी सतरंजीवर जागा करून दिली आणि खरबूज कापून दिलं. मग टपोरे थेंब पडले आणि हवा एकदम गार. सहा आठवड्यांत पंख्याशिवाय बसलेली ती एकच संध्याकाळ.

पानिपतला फक्त मी आणि एक मैत्रीण गेलो. काका, आदल्या रात्री गोष्ट सांगितली होती. काला अंबला ती काहीच बोलली नाही. परतीच्या गाडीत मात्र विचारलं, "बाजारबुणगे किती होते म्हणालीस?" मग कश्मीरी गेटपर्यंत तेच.

अलीपूर रोडला दोनदा गेले, दुसऱ्यांदा एकटी.

आता मित्र. त्यांना मी सोमवारचं सांगितलं होतं. लेखी. व्हॉट्सॲपवर. दोघे रविवारी रात्री उतरले आणि आम्ही ऑफिसात असताना सोमवारी सकाळी उत्साहाने लाल किल्ल्यावर गेले. बंद दारासमोरचा सेल्फी ग्रुपवर आला, खाली "भव्य!" मग जामा मशिदीच्या गल्ल्यांत एवढं खाल्लं की मंगळवार दोघांचाही पीजीत, म्हणजे त्यांच्या हॉस्टेलवर, झोपून गेला. बुधवारी ऑफिसातून अर्धी रजा काढून मीच त्यांना किल्ल्यात नेलं आणि दिवाण-ए-खासखाली उभं करून भाऊंची चांदी सांगितली. एकाने विचारलं, "आता वितळवली तर किती निघेल?" मी पुढे चालायला लागले.

आग्र्याची युक्ती शंभर टक्के यशस्वी. क्लोक रूममध्ये बॅगांना कुलूप लागतं हे माहीत नव्हतं, स्टेशनसमोरून पाच कुलपं घेतली. ताजवर साडेनऊला पाय भाजले, पण कोणी कुरकुरलं नाही.

सरोजिनी_ते_सदाशिव

वाचून फार बरं वाटलं गं. फालसे खाल्लेस की नाही?

उनाडपाखरू

खाल्ले मावशी! लाजपतच्या नाक्यावर एक भैया होता, तिघींना एकाच्या पैशांत दोन पुड्या द्यायचा. आईसाठी सरबताची बाटली करून आणत होते. झाशीच्या पुढे झाकण उघडलं. वरच्या बर्थवर मी, खालच्या बर्थवर "भव्य" वाला, पांढऱ्या शर्टात.